बाबांचे अकराशे धवळे

माझे सासरे म्हणजे फार चांगला माणूस, असं सगळे म्हणतात. गाव म्हणतं, भावकी म्हणते, खोपोलीच्या ज्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पाळ्या केल्या तिथले लोक अजून म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? त्यांच्याबरोबर एका घरात, एका कॉम्प्युटरसह राहावं लागतं ते मला.

त्यांचं नाव हिरामण. मी त्यांना बाबा म्हणते. उंचीने बेताचे, आवाजाने मोठे, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी ती निघत नाही. त्यांनी डोक्यात घेतलेली सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे धवळे.

मी शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये वाढलेली. आमच्याकडे लग्नाला हॉल असायचा आणि हॉलला स्पीकर असायचा. डोलवलीच्या पुढच्या या गावात लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा धवलारीण बघितली. मांडवात मेढी, म्हणजे खांब, रोवण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीला वेगळं गाणं, ते धवळे. आणि ती तोंडपाठ म्हणणारी बाई ती धवलारीण. इथे हळदीला भटजी तासभर उशिरा आला तर कोणी विचारत नाही, पण धवलारीण आली नसेल तर हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नाही. आमच्या पाचसहा गावांत हे काम मोतीबाई करायच्या. पन्नास वर्षं केलं. एक ओळ कुठे लिहिलेली नाही.

बाबांनी दोन हजार नऊ साली पहिला मोबाईल घेतला. त्यात आवाज भरता येतो हे कळल्यापासून ते कुठल्याही लग्नाला जेवायला गेले नाहीत. म्हणजे जेवायचे, पण आधी मांडवाच्या मेढीला रुमालाने मोबाईल बांधायचे आणि तो कोणी काढू नये म्हणून शेजारी उभे राहायचे. लोक हसायचे. हळूहळू लोकांनी हसायचं सोडलं, बाबांनी बांधायचं सोडलं नाही. घरी आले की सगळं कॉम्प्युटरवर. डी ड्राइव्हवर ‘धवळे’ नावाचा फोल्डर, त्यात अकराशेच्या वर फायली, आणि त्यांना नावं काय? ‘नामाच्या पोरीची हळद, मिक्सर चालू’. ‘पळसदरी, मेढ पुजली, कुत्रा भुकतो’. ‘सुप्रियाचा मांडव, चांगला झाला’. मी एकदा म्हटलं, बाबा, तारखेने ठेवू या, सापडायला सोपं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना शर्ट उलटा घालायला सांगितलाय.

गेल्या दिवाळीत मोतीबाईंना अर्धांगाचा झटका आला. हात पुढे बरा झाला, बोलणं गेलं ते गेलंच. सगळं कळतं, डोळ्यांनी सगळं सांगतात, तोंडातून शब्द येत नाही. आणि त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या नणंदेचं, हर्षलाचं लग्न ठरलं.

“डीजे सांगू या, बाबा,” हर्षला म्हणाली. बिचारी चांगल्या मनाने म्हणाली.

“गावातल्या सगळ्या पोरींचे धवळे माझ्याकडं,” बाबा म्हणाले, “नी माझ्या पोरीला डीजे? मोतीबाईचाच आवाज लागंल मांडवात. मी लावनार.”

झालं. ठरलं. एप्रिलमध्ये लग्न, गुरुवारी हळद, आणि हळदीच्या आधीच्या रविवारी बाबांनी महिन्याभराने कॉम्प्युटर सुरू केला. मी आमटीला फोडणी देत होते.

“रुचिता! धवळे नायत!”

“असतील, बाबा. नीट बघा.”

“नीट बगितलं. नायत. कोनी खाल्ले?”

गॅस बंद करून गेले. डी ड्राइव्ह उघडला. लाइटबिलं होती, कारखान्याचे जुने कागद होते, माझ्या मुलीच्या, रियाच्या शाळेचा प्रोजेक्ट होता, ‘धवळे’ नव्हतं. नाव घालून शोधलं, नाही. कचरापेटी बघितली, रिकामी. बाबा तोवर घरभर फिरून गुन्हेगार शोधत होते. आधी रिया. दहा वर्षांची पोर, रडायला लागली. मग माझा नवरा किरण. तो म्हणाला, “यूट्यूबवर असतील की धवळे, तिथले लावा,” आणि त्या वाक्याबद्दल त्याच्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही. मग हर्षला, का तर तिला डीजे हवा होता. शेवटी माझ्यावर आले.

“तू त्या पतसंस्थेत दिवसभर कम्पुटरवर असतंस. तुला घरातला एक सांभाळता येत नाय?”

मी शिळफाट्याच्या पतसंस्थेत पासबुकं छापते. मला वाटतं, एवढ्यावर सासरचं सगळं घर मला अंतराळात यान सोडणारी समजतं. प्रिंटर अडला, रुचिता. टीव्हीला आवाज नाही, रुचिता. फ्रीज गार होत नाही, रुचिता, बघ गं, तुला कम्पुटर येतो ना. आता मात्र बोलायची सोय नव्हती. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. चिडलेला माणूस मला चालतो, त्याची सवय आहे. हा माणूस खुर्चीवर बसून रिकाम्या पडद्याला हात लावून बघत होता.

सोमवारी सकाळी कर्जतला विपुलला फोन केला. विपुलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्याच्या आवाजात कायम घाई, जणू त्याच्या मागे कोणी लागलंय.

“ताई, ड्राइव्हमधली जागा किती भरलीय?”

“जवळजवळ सगळी.”

“मग व्हायरस. मशीन आणून टाका, दहा दिवसांत बघतो.”

“विपुल, गुरुवारी हळद आहे.”

“मग रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पाठवतो, चालवा. पुसलेलं सगळं वर येईल.”

आलं. सगळं वर आलं. या घराने पंधरा वर्षांत पुसलेलं एकूण एक वर आलं. गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ लिहिलेली दोन हजार चित्रं. किरणने लग्नाआधी कोणाला तरी लिहिलेलं पत्र, जे मी वाचलं आणि ज्याच्याबद्दल नंतर वेगळं बोलणं झालं. आणि आवाजाच्या फायली, सातशे चाळीस. त्यांना नावंही नव्हती, नुसते आकडे. बाबांचा चेहरा उजळला. मी हेडफोन घातला.

त्या सगळ्या बाबांनी वाईट म्हणून काढून टाकलेल्या फायली होत्या. मोबाईल खाली पडला तेव्हाची. फटाके सुटले तेव्हाची. मोतीबाई म्हणतायत आणि मध्येच कोणीतरी, “अगं, भात खाली लागला का बघ!” वीस सेकंद, चाळीस सेकंद, मग खरखर. पण धड फाइल एखादी तरी निघेल म्हणून सगळ्या ऐकायच्या ठरल्या. सोमवार संध्याकाळ, मंगळवार संध्याकाळ, पतसंस्थेतून आले की चहा टाकायचा आणि हेडफोन घालायचा. बाबा शेजारी स्टूल टाकून. मी एकेक ऐकून “नाही” म्हणायचं आणि त्यांनी “नीट ऐकलंस का?” विचारायचं. प्रत्येक वेळी. सातशे चाळीस वेळा नसेल विचारलं, पण सातशेच्या खाली नाही.

मंगळवारी दुपारी पासबुक छापता छापता काउंटरसमोरची बाई मला म्हणाली, “मॅडम, तुमी धवळं म्हनता?” मी गुणगुणत होते. मला इतका संताप आला की त्या बाईचं पासबुक मी उलटं छापलं.

बुधवारी मी रजा टाकली. घरात मांडवाचं सामान येऊन पडलेलं, पाहुण्यांपैकी दोन आत्या पोचलेल्या, आणि मी अंगात गाऊन घालून कॉम्प्युटरसमोर. सासूबाई, म्हणजे सुंदराबाई, हळद दळून झाल्यावर हात पुसत माझ्याजवळ आल्या. त्या या चार दिवसांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बोलतच नाहीत फारसं. बोलायचं काम घरात बाबांकडे आहे.

“अजून तेच चाललंय काय गं?”

“हो, आई.”

“सुतकात तू बंद केलंस तेच ना ते?”

मी हेडफोन काढला.

“आपल्या भावकीतले गजाभाऊ गेले तवा गं. रियानं तिथलं एक गानं लावलं, नी मी तुला म्हनले, हा गान्यांचा कप्पा बंद कर, सुतक हाय, कोनी ऐकंल. तू केलंस की बंद. मी बगितलं उभ्यानं.”

मार्चचा शेवटचा पंधरवडा. पतसंस्थेत वर्षअखेर, घरात तेरा दिवस सुतक, फोडणी नाही, गोड नाही, गाणं नाही. कुकरची शिट्टी होत होती. मी ‘धवळे’वर माऊस नेऊन ‘लपवा’समोर एक खूण केली, फोल्डर लपला, आणि मी भात उतरवायला गेले. भाजीत मीठ टाकायला लागतो तेवढा वेळ. सुतक फिटलं त्या दिवशी आम्ही घर धुतलं, देव उघडले, टीव्ही लावला. तो कप्पा उघडायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही. बाबा पत्रिका वाटायला गावोगाव फिरत होते.

“आई,” मी म्हणाले, “तुम्ही हे रविवारी का नाही सांगितलंत?”

“मला काय म्हाईत? तुमी कम्पुटरवाल्या. मला वाटलं, तू उघडून बगितलं असशील.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कळसा माझ्याच काखेत. पोरीला रडवलं, नवऱ्याचं जुनं पत्र वाचलं, एक पासबुक फुकट घालवलं, आणि दोन खुणा केल्यावर ‘धवळे’ जिथे होतं तिथेच फिक्या रंगात दिसायला लागलं. अकराशे सत्तावीस. एकही कमी नाही.

बाबांना सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि ‘सुप्रियाचा मांडव, चांगला झाला’ लावलं. मोतीबाईंचा आवाज घरात भरला, जड, थोडा घासलेला, धाप लागली तरी ओळ न तोडणारा. आत्या कामं सोडून दारात आल्या. हर्षला जिन्यात येऊन बसली.

गाणं संपल्यावर ती हळूच म्हणाली, “बाबा, पन हा सुप्रियाचा हाय.”

“हां.”

“त्यात सुप्रियाचं नाव हाय. तिच्या बाबांचं हाय.”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धवळ्यात नवरीचं नाव गुंफलेलं असतं, तिच्या बापाचं, आईचं. प्रत्येक लग्नाला वेगळं. अकराशे सत्तावीस फायलींत अकराशे सत्तावीस वेळा दुसऱ्याच कोणाची पोर. आणि हे जर गावात कोणाला सगळ्यांत जास्त ठाऊक असेल, तर ते या माणसाला.

बाबा माझ्याकडे वळले. अगदी शांतपणे. “आता फक्त नाव बदलायचं.”

“म्हणजे?”

“सुप्रिया काड, हर्षला घाल. तिच्या बापाचं काड, माझं घाल. तुमी सातबाऱ्यावर नाव चढवता ना कम्पुटरवर, तसं.”

“बाबा, सातबारा मी करत नाही, तलाठी करतो! आणि तो कागद असतो. हा आवाज आहे. मोतीबाईंनी हर्षलाचं नाव कधी म्हटलंच नाही, तर ते मी कुठून आणू?”

“कम्पुटरला येत नाय?”

“नाही येत!”

हे मी फार जोरात बोलले. आत्या आत गेल्या. बाबांनी चष्मा काढला. चार दिवस हा माणूस मला छळत होता ते याच्यासाठी, आणि चार दिवसांत एकदाही त्यांना हे सांगावंसं वाटलं नव्हतं, कारण नाव बदलणं म्हणजे त्यांच्या मते शेवटची, सोपी, दोन मिनिटांची गोष्ट होती. मला रडू आलं. रागाचं होतं ते, आणि थोडं त्यांच्यासाठीसुद्धा.

“दुसरीच्या नावाचा लावू नका,” आई दारातून म्हणाल्या. “आपल्या पोरीसाठी बोलावलेले देव तिच्या घरी जातील.”

“मग तुम्हीच म्हणा ना, बाबा!” मी म्हणाले. “पंधरा वर्षं मेढीला चिकटून उभे राहिलात. एक ओळ चुकणार आहे का तुमची?”

“बाप्या मानूस धवळं म्हनतो काय? लोक शेन घालतील तोंडात.”

“म्हनू नका,” आई म्हणाल्या. “सांगा. आमी बाया म्हनू.”

मी या घरात बारा वर्षं आहे. आईंनी एका दिवसात एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी बाबांनी स्वतः जाऊन मोतीबाईंना रिक्षातून आणलं. आधी त्यांचा मान दिला, लुगडं, नारळ, ओटीचे तांदूळ. मग त्यांच्यासमोर उकिडवे बसून विचारलं, “मावशे, बाया म्हनतील. मी मागून सांगंन. चालंल?” मोतीबाईंनी ओटीतले चार तांदूळ उचलून त्यांच्या डोक्यावर टाकले. मोतीबाईंना पुढे खुर्चीवर बसवलं, हातात काठी.

मांडवाच्या एका बाजूला पडदा बांधला. पडद्यामागे बाबा. पडद्याला लागून मी, कारण बाबांचा आवाज मोठा, तो बाहेर जाऊ नये म्हणून ते माझ्या कानात सांगणार आणि मी आईंना. असा सगळा टेलिफोन. म्हटलं नव्हतं, चांगल्या माणसाबरोबर राहावं लागतं ते मला?

पण चाललं. आई पुढे, आत्या आणि शेजारणी मागे. पहिल्या दोन धवळ्यांत सूर भलतीकडे गेला तेव्हा मोतीबाईंनी काठी आपटली. तिसऱ्यापासून बायांना लय सापडली. पाटावर बसलेल्या हर्षलाच्या गालाला हळद लागली. गल्लीतल्या बायका काम टाकून आल्या. नाव येई तिथे आई “हर्षला” म्हणत, आणि ते नाव गाण्यात असं बसत होतं की ते तिथलंच वाटावं.

मग मांडवाचा धवळा आला. बाबांनी कानात सांगितलं, मी पुढे सांगितलं, बायांनी उचललं:

*हिरामण बापानं घातला मांडव, मोजल्या मांडवाच्या मेढी गं,*
*आठ मेढी मोजल्या…*

कानात पुढचं काही आलं नाही. बायांनी ‘आठ मेढी’ पुन्हा घेतलं, वेळ काढायला. मी पडदा सरकवला. बाबा मेढीला कपाळ टेकून उभे होते. तोंड उघडं, आवाज नाही. खांदे हलत होते. हा धवळा त्यांनी शंभर लग्नांत ऐकला असेल, पण त्यात पोरीचा बाप म्हणून स्वतःचं नाव पहिल्यांदाच ऐकत होते.

“बाबा,” मी कुजबुजले, “आत्ता? आत्ता थांबायचं?”

त्यांनी मान हलवली. होत नव्हतं त्यांच्याच्याने. बाहेर बाया तिसऱ्यांदा ‘आठ मेढी’वर आल्या. मोतीबाईंची काठी एकदा वाजली, दोनदा वाजली. हर्षलाने पाटावरून मान वर करून पडद्याकडे बघितलं, आणि मला या माणसाचा इतका राग आला, इतका राग, की माझा हात त्यांच्या पाठीवर गेला आणि तोंडातून ओळ बाहेर पडली. सांगितली नाही, म्हटली. माझ्या शेलूच्या बेसूर आवाजात, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी:

*नववी इसरला, नववी इसरला,*
*हर्षलाच्या तोंडाकडं बघता बघता गं.*

बायांनी ती उचलली. मोतीबाई खुर्चीत वळल्या आणि आवाज कोणाचा ते बघायला लागल्या. आई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “थांबू नको गं. पुढचं म्हन.”

मला पुढचं येत होतं.